सायकलला मोटर लावताय? मागचे फ्रीव्हील किती दात्यांचे घ्यावे, हे असे ठरवा

सायकलला मोटर बसवायची ठरली की बाजारात हमखास एकच संच हातात येतो: २४ व्होल्टची, २५० वॉटची, स्वतःचा गिअरबॉक्स असलेली ब्रशची मोटर. तिच्या खोक्यावर बहुधा ‘एमवाय १०१६ झेड’ असे काहीतरी लिहिलेले असते. सोबत कंट्रोलर (मोटरला जाणारा करंट आवरणारी पेटी), थ्रॉटल (वेग कमी-जास्त करायची मूठ), साखळी, मोटरच्या शाफ्टवर ९ दात्यांचे छोटे चाक आणि मागच्या चाकासाठी १६ किंवा १८ दात्यांचे फ्रीव्हील, म्हणजे एका दिशेने चाक ओढणारी आणि उलट दिशेने मोकळी फिरणारी दातेरी चकती. दुकानात पहिला प्रश्न येतो, ‘किती पळेल?’ आणि त्या उत्तरावर फ्रीव्हील निवडले जाते. १४ दात्यांचे लावले तर २५ च्या वेगाने पळेल, मग तेच लावू.

माझे ठाम मत असे की फ्रीव्हील चढ बघून निवडावे. सपाटीवर दोन-चार किलोमीटर वेग कमी मिळाला तर कामावर पोहोचायला थोडा उशीर होतो, एवढेच. चढावर रेशो (मागच्या आणि मोटरवरच्या दात्यांचे प्रमाण) चुकला तर मोटरची वायंडिंग, म्हणजे आतले तारेचे वेटोळे, जळते, आणि ज्या घरात ही सायकल रोजच्या कामासाठी बनवली आहे त्या घराला तो खर्च परवडत नाही. म्हणून थोडे गणित करू. आकडे सगळे घरी मोजता येतात. टेप, खडू आणि मोबाइलमधला कॅल्क्युलेटर पुरतो.

चाकाचा परीघ मोजा

टायरवर लिहिलेल्या इंचांवर विसंबू नका. हवा भरा, व्हॉल्व्ह जमिनीकडे आणून तिथे फरशीवर खडूची खूण करा, सायकलवर बसा आणि कोणाला तरी धरायला सांगून चाकाचा बरोबर एक फेरा पुढे जा. दोन खुणांमधले अंतर म्हणजे परीघ. जुन्या दणकट २८ इंची सायकलचा तो साधारण २.२ मीटर येतो, २६ इंची जाड टायरच्या सायकलचा २.०५ च्या आसपास. पुढची उदाहरणे २८ इंचीची आहेत.

मोटरचे खरे फेरे काढा

मोटरवर दोन वेगवेगळे आकडे असू शकतात. आतल्या फिरत्या भागाचे, म्हणजे आर्मेचरचे, फेरे मिनिटाला तीन हजारांच्या आसपास असतात. गिअरबॉक्स ते सुमारे दहापट कमी करतो आणि बाहेरच्या शाफ्टला मिनिटाला ३०० च्या घरातला वेग मिळतो. आपल्याला हा बाहेरचा आकडा हवा. पाटी पुसट असेल तर सायकल उलटी करा, मागचे चाक पूर्ण थ्रॉटलवर मोकळे फिरवा आणि स्वस्तातल्या सायकल मीटरवर वेग वाचा. रस्त्यावर वजन घेऊन त्याच्या साधारण ८० ते ८५ टक्के वेग मिळेल, असे धरून चाला.

सरळ वेग मोजायचे सूत्र असे:

ताशी वेग = शाफ्टचे फेरे × परीघ × ६० ÷ १००० ÷ रेशो

रेशो म्हणजे मागच्या फ्रीव्हीलचे दाते भागिले मोटरवरचे दाते. मोटरवर ९ आणि मागे १८ असतील तर रेशो २, म्हणजे मोटर दोनदा फिरते तेव्हा चाक एकदा. ३०० फेरे आणि २.२ मीटर परीघ धरला की हिशेब असा येतो:

१४ दाते, रेशो १.५६: ताशी २५ किमी
१६ दाते, रेशो १.७८: ताशी २२ किमी
१८ दाते, रेशो २.००: ताशी २० किमी
२२ दाते, रेशो २.४४: ताशी १६ किमी

२६ इंची चाकावर प्रत्येक आकडा साधारण ७ टक्क्यांनी कमी होतो.

इथे बॅटरी मध्ये येते. अशा मोटरचा वेग व्होल्टेजबरोबर वरखाली होतो. लिथियमची सात सेलची बॅटरी पूर्ण भरलेली असते तेव्हा २९.४ व्होल्ट देते आणि संपत आली की २२ च्या आसपास उतरते. त्यामुळे हिशेबात २० ने धावणारी सायकल सकाळी भरलेल्या बॅटरीवर २३ ने धावेल आणि संध्याकाळी १८ वर येईल. हे कायद्यासाठीही लक्षात ठेवायला हवे. केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणे मोटरची अर्ध्या तासाची शक्ती (सलग अर्धा तास देता येईल ती) ०.२५ किलोवॉटपेक्षा कमी, वेग ताशी २५ किमीपेक्षा कमी आणि बॅटरी वगळता वजन ६० किलोच्या आत असेल, तरच बॅटरीवरचे वाहन ‘मोटार वाहन’ धरले जात नाही. १४ दात्यांची सायकल कागदावर बरोबर २५ वर येते. भरलेल्या बॅटरीवर ती मर्यादा ओलांडते. १८ दात्यांची वेगाच्या मर्यादेत राहते. शक्तीची अट मात्र ०.२५ किलोवॉटपेक्षा ‘कमी’ अशी आहे, त्यामुळे पूर्ण २५० वॉटच्या मोटरबाबत तीही तपासून घ्या.

पेट्रोलच्या दोन-स्ट्रोक इंजिनाचे संच इथे घेत नाही. २५ सीसीच्या वरचे इंजिन बसले की कायद्याने ते मोटार वाहन होते, आणि घरी बनवलेल्या वाहनाची नोंदणी हे फार अवघड प्रकरण आहे.

चढ मोजा

ही पायरी बहुतेक जण गाळतात, आणि नेमकी तीच महत्त्वाची आहे. गवंड्याकडून लेव्हल पट्टी मागून आणा. एक मीटर लांबीची सरळ पट्टी चढाच्या दिशेने रस्त्यावर ठेवा, खालचे टोक उचलून बुडबुडा मधोमध आणा आणि उचललेल्या टोकाखाली किती सेंटिमीटर जागा राहिली ते मोजा. जितके सेंटिमीटर, तितके टक्के चढ. चढावर तीन-चार ठिकाणी मोजा, कारण डोळ्याला एकसारखा दिसणारा रस्ता तसा नसतो.

अंदाजासाठी सांगतो: इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकाप्रमाणे सपाट भागातल्या रस्त्याचा नेहमीचा चढ ३.३ टक्क्यांपर्यंत आणि डोंगरी भागात ५ टक्क्यांपर्यंत ठेवायचा असतो. म्हणजे लातूर-सोलापूरकडच्या मोठ्या रस्त्यावर २-३ टक्के धरले तरी चालतात. रत्नागिरी, सावंतवाडीकडे वाडीत उतरणारा रस्ता मात्र कोणत्याही मानकाला जुमानत नाही. तिथे १० टक्के सहज भरतात. पुलाचा चढ, रेल्वे फाटकाजवळचा उंचवटा, घरासमोरची गल्ली, हे सगळे रोजच्या वाटेत धरा.

चढावर मोटरला किती ओढावे लागते

स्वार ७० किलो, सायकल, मोटर आणि बॅटरी मिळून ३० किलो. एकूण १०० किलो धरू. ५ टक्के चढावर मागे खेचणारे बळ: उताराकडे ओढणारे वजन ४९ न्यूटन, टायरचे घर्षण १० आणि हळू वेगात हवेचे ४. एकूण ६३ न्यूटन. चाकाची त्रिज्या ०.३५ मीटर, म्हणजे चाकावर २२ न्यूटन-मीटर टॉर्क (फिरवणारा जोर) हवा.

मोटर किती देते? २५० वॉट आणि मिनिटाला ३०० फेरे म्हणजे शाफ्टवर सुमारे ८ न्यूटन-मीटर. हा तिचा दिवसभर सोसणारा टॉर्क. साखळीत ५ टक्के जातात असे धरून चढावर शाफ्टकडून लागणारा टॉर्क प्रत्येक फ्रीव्हीलला असा येतो: १४ दात्यांना १४.९, १८ दात्यांना ११.६ आणि २२ दात्यांना ९.५ न्यूटन-मीटर.

आता मोटर का जळते ते इथेच दिसते. अशा कायम चुंबकाच्या मोटरमध्ये टॉर्क करंटच्या प्रमाणात वाढतो, पण वायंडिंगमधली उष्णता करंटच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. १८ दात्यांवर करंट नेहमीच्या दीडपट होतो आणि उष्णता दुपटीच्या थोडी वर. १४ दात्यांवर करंट जवळजवळ १.९ पट आणि उष्णता साडेतीनपट. २२ दात्यांवर उष्णता फक्त १.४ पट. चढ तोच, स्वार तोच, मोटर तीच. चार दात्यांचा फरक पुरतो.

शिवाय कंट्रोलरची मर्यादा आहे. २४ व्होल्ट, २५० वॉटच्या मोटरचा नेहमीचा करंट साडेतेरा अँपिअरच्या आसपास असतो. कंट्रोलर २० अँपिअरला आडवा येणारा असेल, तर जास्तीत जास्त टॉर्क १२ न्यूटन-मीटरच्या आत राहील. १८ दात्यांची सायकल त्या चढावर कशीबशी चढेल. १४ ची मध्येच दम सोडेल. तिथे ‘कंट्रोलर मोठा बसवू’ असा सल्ला मिळतो. तो घेऊ नका. मोठा कंट्रोलर जास्त करंट सोडतो, आणि तो सगळा त्याच बारीक तारेतून जातो.

एक गैरसमजही दूर करायला हवा. थ्रॉटल अर्धा ठेवला म्हणजे मोटर थंड राहते असे नाही. चाक ओढायला जितका टॉर्क लागतो तितका करंट मोटरमधून जातोच. उलट हळू वेगात आर्मेचर कमी फिरते, वारा कमी लागतो आणि उष्णता आतच कोंडते. विदर्भातल्या मे महिन्यात, बाहेरच ४५ अंश असताना, तर हाताशी असलेली सवलत आणखी कमी होते.

पाय हा दुसरा गिअर

१९७२ मध्ये पुण्याच्या कायनेटिक इंजिनिअरिंगने ५० सीसीची लूना आणली, तिला पायडल होते, आणि चढ आला की लोक ते मारत. आपल्या सायकलचेही तंत्र तेच असावे. पाय आणि मोटर एकाच चाकावर येतात, त्यामुळे पायांनी उचललेला प्रत्येक न्यूटन मोटरच्या खांद्यावरून उतरतो.

रोज सायकल चालवणारा माणूस १०० वॉट काही वेळ सहज देतो. १२ च्या वेगाने चढताना त्याचे ३० न्यूटन होतात. मघाच्या ६३ मधून ते वजा करा. मोटरला ३३ उरतात, म्हणजे १८ दात्यांवर शाफ्टला ६ न्यूटन-मीटरच्या थोडे वर. नेहमीच्या ८ च्या आत! जी मोटर एकटी दुप्पट तापत होती, ती आता निवांत चढते.

पण त्यासाठी पायडलचा रेशोही जुळायला हवा. जुन्या सायकलला पुढे ४४ आणि मागे १८ दाते असतात. ताशी २० ला पाय मिनिटाला ६० फेरे घेतात, हे छान. मात्र १२ च्या वेगाला ते ३७ वर येतात, आणि इतक्या हळू पायडलवर गुडघे दुखेपर्यंत जोर लावावा लागतो. पायडलकडचे फ्रीव्हील २२ दात्यांचे केले की १२ ला ४५ फेरे आणि २० ला ७६ फेरे मिळतात. म्हणून चढाच्या गावात माझी पसंती अशी: पायडलकडे २२, मोटरकडे १८. सायकलवाल्याकडे हे काम अर्ध्या तासाचे आहे आणि मोटरचे आयुष्य त्याने सर्वात जास्त वाढते.

तर मग किती दाते?

रोजचा सर्वात मोठा चढ ३ टक्क्यांच्या आत, ओझे फक्त तुमचे आणि डब्याचे: १६ चालेल, पण भरलेल्या बॅटरीवर वेग तपासा. ३ ते ५ टक्के: १८, आणि चढावर पाय मारायची सवय. ५ ते ८ टक्के किंवा ओझे जास्त: २२. त्याहून उभ्या रस्त्याला साध्या फ्रीव्हीलने भागत नाही. लेथवाल्याकडून अ‍ॅडॉप्टर करून फ्रीव्हीलच्या कवचावर ३२ किंवा ३६ दात्यांची चकती बोल्ट करता येते. ३६ ला रेशो ४ होतो, वेग १० वर येतो, पण १० टक्के चढ मोटर पायांच्या मदतीने ओढून नेते.

ओझ्याचा विचार विशेषतः दूध घालणाऱ्यांनी करावा. ४० लिटर दूध म्हणजे ४१ किलोच्या वर, कॅनचे वजन वेगळे. एकूण १४५ किलो झाले की ३ टक्क्यांचा चढ मोटरला ५ टक्क्यांसारखाच वाटतो. हिशेब केला तर बळ ६१ न्यूटन येते. त्यांनी सपाट गावातही २२ च घ्यावे. ताशी १६ हा दुधासाठी चांगला वेग आहे, आणि कॅन मागे असताना जुन्या दांड्याच्या ब्रेकला त्याहून जास्त वेग झेपतही नाही.

सपाटीवरची काळजी नको. ताशी २५ ला वारा आणि घर्षण मिळून सुमारे १९० वॉट खातात, म्हणजे २५० वॉटची मोटर जवळजवळ पूर्ण कामाला लागते. १६ च्या वेगाला ८० वॉटही लागत नाहीत. त्यामुळे २२ दात्यांची सायकल हळू जाते, पण एका चार्जमध्ये लांब जाते.

गिअरच्या सायकलवर मोटर मागच्या चाकाऐवजी क्रँकला (पायडलच्या दांड्यांच्या फिरत्या आसाला) जोडायची कल्पना मोहाची आहे. ९ दात्यांवरून क्रँकवरच्या ४४ दात्यांना साखळी नेली की क्रँक मिनिटाला ६१ फेरे घेते, आणि मग मागचे सगळे गिअर मोटरला वापरता येतात. २६ इंची चाकावर पुढे ४२ आणि मागे २८ टाकले की ११ च्या वेगाने घाट, मागे १४ टाकले की २२ ने सपाटी. हिशेबाने हीच सर्वात उत्तम रचना. अडचण अशी की क्रँकलाच फ्रीव्हील हवे, नाहीतर मोटर चालू होताच पायडल तुमच्या पायांना फिरवते. तसे क्रँक मिळत असेल तरच या वाटेला जा.

गिअरबॉक्स नसलेली, मिनिटाला २६५० फेऱ्यांची मोटर स्वस्त मिळते म्हणून घेणारे असतात. तिला २० च्या वेगासाठी १७-१८ चा रेशो लागतो, तो एका टप्प्यात बसत नाही, मध्ये दुसरा शाफ्ट आणि दोन साखळ्या येतात. पहिल्यांदा बनवणाऱ्याने हे टाळावे. आणि चाकाच्या मधोमध बसणाऱ्या हब मोटरमध्ये तर रेशो निवडण्याचा प्रश्नच नाही. ती मोठ्या चाकात वेगवान आणि लहान चाकात जोरदार, इतकेच हातात असते.

बसवताना

मोटरची साखळी डाव्या बाजूला येणार असेल, तर साधे फ्रीव्हील तिथे उलटे बसवू नका. त्याचे आटे आणि आतली खटकी, दोन्ही उजव्या बाजूसाठी केलेल्या असतात. डावीकडे मोटरचा जोर आटे सैल करतो आणि खटकी उलट दिशेला पकडते. डाव्या बाजूचे फ्रीव्हील किंवा बोल्टने आवळायचा अ‍ॅडॉप्टर मागून घ्या. दुसरीकडे, पैसे वाचवायला फ्रीव्हीलऐवजी घट्ट चकतीही लावू नका. बॅटरी संपली की पाय मारताना अख्खा गिअरबॉक्स फिरवत घरी यावे लागेल.

९ दात्यांच्या चाकावर साखळी गोल फिरत नाही, नऊ कोनांवरून वळते, आणि प्रत्येक दात्याला तिचा वेग ६ टक्के वरखाली होतो. थरथर त्याची असते. म्हणून ब्रॅकेट जाड पट्टीचे करा, मोटर सरकवायला लांबट भोके ठेवा, आणि दोन्ही चकत्या एका रेषेत आहेत हे दोरा ताणून बघा. साखळी छोट्या चाकाला निदान एक तृतीयांश वळसा घालून बसली पाहिजे. ९ पैकी ३ दाते तरी कायम धरलेले हवेत. मधोमध बोटाने दाबल्यावर साधारण १० मिलिमीटर खेळ ठेवा. फ्रीव्हील १८ वरून २२ केले तर साखळीत २ कड्या, म्हणजे आतली-बाहेरची एक जोडी, वाढवावी लागते. सुट्या कड्या संच घेतानाच मागून ठेवा.

रस्त्यावर तपासा

पहिल्या दिवशी मोजलेल्या चढावरच जा. डीसी क्लॅम्प मीटर मिळाला तर मोटरच्या तारेला लावा. चढाच्या मध्यावर करंट नेहमीच्या दीडपटीत असेल आणि चढ दोन-तीन मिनिटांत संपत असेल तर रेशो बरोबर. पाय मारूनही तो त्याच्या वर राहत असेल तर चार दाते वाढवा. मीटर नसेल तर चढाचा वेग बघा: मोकळ्या चाकाच्या वेगाच्या निम्म्यावर आला की मोटर काम कमी आणि उष्णता जास्त करते आहे असे समजा. चढ संपताच उतरून मोटरच्या कवचाला हात लावा. तळहात ठेववत नसेल तर थांबा, थंड होऊ द्या, आणि त्या रेशोवर तो चढ पुन्हा नुसत्या मोटरवर चढू नका.

पहिल्या महिन्यात साखळी दर आठवड्याला ताणा, नंतर महिन्यातून एकदा मोजा. नव्या साखळीच्या २४ कड्या बरोबर १२ इंच, म्हणजे ३०४.८ मिलिमीटर भरतात. ३०७ च्या वर गेल्या की साखळी बदला, आणि तिच्याबरोबर मोटरवरचे ९ दात्यांचे चाकही. झिजलेले चाक नवी साखळी लवकर खाते.